अस्सल आणि तालीक : वाचनालयाच्या संगणकाची राखीव प्रत

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



शतकमहोत्सवात संस्थापकांचे स्मरण होते, देणगीदारांचा सत्कार होतो, गेल्या शंभर वर्षांचा आढावा घेतला जातो. ते सारे उचितच आहे. परंतु संस्थेजवळ आज नेमके काय आहे आणि ते उद्या राहील कशावरून, हा प्रश्नही याच प्रसंगी विचारावा असे मला वाटते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एक जरा रुक्ष विषय निवडला आहे. वाचनालयाच्या संगणकातील मजकुराची, आणि विशेषतः तो मजकूर चालविणाऱ्या यंत्रणेची, राखीव प्रत कशी ठेवावी आणि प्रसंग ओढवल्यास तिच्यावरून सारे पुन्हा कसे उभे करावे, हा तो विषय. 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' हे शब्द आता आपल्या कचेऱ्यांत रुळले आहेत. शब्द परके असले, तरी त्यांमागचा विचार आपल्याला नवा नाही.

आपल्या जुन्या दफ्तरांत मूळ कागदाला 'अस्सल' म्हणत आणि त्यावरून उतरून घेतलेल्या प्रतीला 'तालीक'. अस्सल गहाळ झाली, तर तालीक पुढे येई. मात्र ती अस्सलबरहुकूम आहे की नाही, हे पाहिले जाई. ग्रंथांचीही तीच कथा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून वाहत राहिली आणि नकलाकारांच्या हातून तिच्यात अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिचा पाठ शुद्ध केला. हे कार्य होऊ शकले, कारण मधल्या काळात कोणी ना कोणी प्रती करून ठेवल्या होत्या. आणि ते करावे लागले, कारण त्या प्रती वेळच्या वेळी पडताळल्या गेल्या नव्हत्या. प्रत करणे आणि प्रत पडताळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे, तर ते असे : जिच्यावरून सारे पुन्हा उभे करून पाहिलेले नाही, ती प्रत आपल्याजवळ आहे असे समजू नये.

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. मध्यम आकाराच्या एखाद्या वाचनालयात पन्नास हजार ग्रंथ आहेत असे धरा. दाखल-क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, साल, किंमत, देणगीदाराचे नाव आणि कपाटाची खूण अशी एक नोंद सरासरी चारशे अक्षरचिन्हांची होते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे एका नोंदीला बाराशे बाइट आणि पन्नास हजार नोंदींना सुमारे साठ मेगाबाइट. खिशातल्या साध्या पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावेल एवढीच ही संपत्ती. पण हीच नोंद पुन्हा हाताने करायची म्हटली, तर कपाटातला ग्रंथ काढून, पाहून, नीट टंकलिखित करून एक माणूस दिवसाला साठ नोंदी करील. त्या हिशेबाने ८३३ दिवस लागतील. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले, तरी पावणेतीन वर्षे झाली. जे उतरून घ्यायला काही मिनिटे लागतात, ते गमावले तर भरून काढायला पावणेतीन वर्षे लागतात.

शिवाय काही गोष्टी पुन्हा भरताही येत नाहीत. आपल्या सीमाभागाला वाचनाची मोठी परंपरा आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले. २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. अशा वाङ्मयीन चळवळींच्या आसपास स्मरणिका, मंडळांचे अहवाल, नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके, अल्पायुषी मासिकांचे अंक असे पुष्कळ साहित्य निर्माण होते. त्याच्या प्रती एखाददुसऱ्या वाचनालयातच उरतात. ते कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे सूचीतली एक ओळ सांगते. ती ओळ गेली, की तो कागद जागेवर असूनही नसल्यासारखा होतो.

ही सूची आता संगणकात असते. संगणकाच्या पोटात मोटमानाने दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, आपण भरलेला मजकूर : नोंदी, सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब. दुसरा, तो मजकूर वाचणारी आणि चालविणारी यंत्रणा : विंडोज किंवा लिनक्स, सूचीची आज्ञावली, छपाईयंत्राची जोडणी, टंक आणि कळफलक. ही यंत्रणा ज्या भागात राहते त्याला आपण 'सी ड्राइव्ह' म्हणतो. बहुतेक ठिकाणी राखीव प्रत घेतली जाते ती फक्त पहिल्या ऐवजाची. यंत्रणेचे काय, विचारले तर उत्तर येते, 'ती काय, पुन्हा टाकता येते.' इतर कचेऱ्यांत हे उत्तर कदाचित चालेल. आपल्याकडे ते फार सांभाळून घ्यावे लागते, आणि त्याचे कारण आपली लिपी हे आहे.

युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी वाचनालयांनी श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींवर नोंदी केल्या. या प्रणालींच्या पुष्कळ टंकांची रीत अशी, की संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागीच राहतो आणि टंक त्याला मराठीचे रूप देतो. टंक म्हणजे जणू चष्मा. मजकुराची फाईल जशीच्या तशी वाचली, पण नव्या यंत्रावर तो नेमका टंक नसला, तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. यांतील काही प्रणालींना तर छपाईयंत्राच्या जुन्या, रुंद जोडणीत बसणारे लहानसे कुलूप लागत असे. नव्या संगणकांना ती जोडणीच उरलेली नाही. म्हणजे मजकूर शाबूत, पण किल्ली हरवलेली.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचनालयात याच्यावर आणखी एक पदर चढतो. येथे एकाच यंत्रावर मराठी सूची असते आणि कन्नडमधील पत्रव्यवहारासाठी कन्नड गणक परिषदेची 'नुडी'ही असते. कपाटात दोन्ही भाषांचे ग्रंथ शेजारीशेजारी, तसे यंत्रातही दोन्ही लिपींचे टंक आणि दोन्हींचे कळफलक शेजारीशेजारी. पुण्याच्या दुकानातून आणलेल्या यंत्रावर हे सारे असणार नाही. बंगळूरच्या दुकानातून आणलेल्या यंत्रावरही असणार नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे करून आपण ते जमवलेले असते आणि बहुधा ते कोणी लिहून ठेवलेले नसते. म्हणून आपल्या सी ड्राइव्हची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी तालीक, घेणे आपल्याला इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे.

ही भीती लहान वाचनालयापुरती आहे असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर 'ऱ्हायसिडा' नावाच्या टोळीने संगणकीय हल्ला केला. सुमारे सहाशे गिगाबाइट मजकूर पळविला, यंत्रणा निकामी केल्या आणि खंडणी मागितली. ग्रंथालयाने ती दिली नाही. पण मुख्य सूची वाचकांना पुन्हा पाहता यावी यासाठी १५ जानेवारी २०२४ उजाडावा लागला, आणि तीही आरंभी केवळ पाहण्यापुरती. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने या प्रकाराचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट आपण मनावर कोरून घ्यावी अशी आहे. त्यांच्या डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती शिल्लक होत्या. परंतु त्या परत ठेवायच्या कशावर, ती धड यंत्रणाच उरली नव्हती. अनेक जुन्या प्रणाली पूर्वीच्या रूपात पुन्हा चालू करणे शक्य नव्हते. काहींना निर्मात्यांचा आधार संपला होता, काही नव्या सुरक्षित व्यवस्थेत चालणाऱ्या नव्हत्या. धान्य होते, कणगी नव्हती.

या ग्रंथालयात मराठी ग्रंथांचाही मोठा संग्रह आहे. त्यातल्या ब्रिटिश म्युझियमकडून आलेल्या जुन्या मराठी आणि गुजराती मुद्रित पुस्तकांची सूची जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी तयार केली आणि ती १८९२ साली छापली गेली. संगणक मुके होते त्या महिन्यांतही ही छापील सूची जगातल्या इतर ग्रंथालयांत उघडून पाहता येत होती. कागद जुना झाला म्हणून त्याला निवृत्त करू नये, हा याचा धडा. त्याकडे मी शेवटी येईन.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो. छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम सांगितला आणि तो पुढे सर्वत्र मान्य झाला. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या जागी असावी. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा. पहिली प्रत चालू यंत्रातली. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ही डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. यंत्राला कायम जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या एका झटक्यात यंत्राबरोबरच जाते. खंडणीखोर विषाणू शिरला, तर तिलाही कुलूप लावतो. तिसरी प्रत परगावी.

सूचीच्या नोंदींची प्रत रोज संध्याकाळी यंत्र बंद करण्यापूर्वी घ्यावी. 'कोहा' किंवा 'ई-ग्रंथालय' यांसारखी आज्ञावली वापरणाऱ्या संस्थांनी आपला विदा नेमका कोठे साठतो, हे आधी विचारून घ्यावे. चालू असलेल्या विदागाराची फाईल नुसती उचलून दुसरीकडे ठेवू नये. अर्धवट लिहिलेले पान नकलेत जाण्याचा धोका असतो. विदागाराची स्वतःची निर्यात-आज्ञा वापरावी.

यंत्रणेची, म्हणजे सी ड्राइव्हची, संपूर्ण प्रतिमा तीन महिन्यांतून एकदा आणि यंत्रात कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी घ्यावी. 'क्लोनझिला' आणि 'रेस्क्युझिला' ही त्यासाठीची साधने विनामूल्य आहेत. यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करून ती डिस्कची प्रतिमा घेतात. यात नुसता सी ड्राइव्ह निवडून भागत नाही. यंत्र सुरू करणारा एक लहानसा भाग डिस्कवर वेगळा असतो. तो सुटला, तर प्रतिमा असूनही यंत्र उठत नाही. म्हणून संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणेच शहाणपणाचे.

पुनःस्थापनेचा क्रम विसरू नये. प्रतिमा परत टाकली, की त्या डिस्कवर असलेले सारे पुसले जाते आणि यंत्र प्रतिमा घेतलेल्या दिवशी जसे होते तसे होते. मधल्या तीन महिन्यांतल्या नोंदी तीत नसतात. तेव्हा आधी यंत्रणा उभी करावी आणि मग तिच्यावर रोजच्या प्रतींपैकी सर्वांत ताजी धड प्रत चढवावी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. यंत्रच निराळे असेल, तर प्रतिमा तेथे रुळेलच असे नाही. विंडोजचा परवानाही कधी नव्या यंत्रावर पुन्हा नोंदवावा लागतो. यासाठी टंक, आज्ञावली आणि परवाने यांची यादी व त्यांच्या मूळ फाईल वेगळ्या ठेवाव्यात. डिस्कला 'बिटलॉकर'चे कुलूप असेल, तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर लिहून, पाकीट बंद करून कार्यवाहांकडे आणि अध्यक्षांकडे द्यावी. ती त्याच संगणकात जतन करणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवण्यासारखे आहे.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम येते, ते म्हणजे तालीम. वर्षातून दोनदा, एकदा मृग निघण्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत, जुने सुटे यंत्र किंवा कोरी डिस्क घ्यावी. चालत्या यंत्राच्या डिस्कवर हा प्रयोग कधीही करू नये. प्रतिमा त्या कोऱ्या डिस्कवर चढवावी, ताजी नोंद-प्रत त्यात भरावी आणि सूची उघडावी. एकूण नोंदींची संख्या जुळते का, पाहावे. पहिली नोंद, शेवटची नोंद, एक कन्नड नोंद आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेली एक मराठी नोंद डोळ्यांखालून घालावी. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'र'ची रूपे हटकून दगा देतात. रफार आणि अर्ध्या ऱ्याची गल्लत झाली, की आचार्यांचा ग्रंथ आचाऱ्यांच्या नावावर जमा होतो. विदागार युनिकोडसाठी नीट योजलेले नसेल, तर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उभी राहतात. हे दिवाळीत कळले, तर दुरुस्त करता येते. मूळ यंत्र बंद पडल्यावर कळले, तर कपाळाला हात लावण्यापलीकडे काही उरत नाही. तालमीला किती वेळ लागला, कोणी केली, काय अडले, हे एका बांधीव वहीत लिहावे. त्या वहीमुळे हे ज्ञान एकाच उत्साही तरुणाच्या डोक्यात राहत नाही. असा तरुण नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेला, की संस्थेची स्मृतीही त्याच्याबरोबर जाते, ही आपल्या गावांची नित्याची कहाणी आहे.

आता तिसऱ्या प्रतीविषयी, म्हणजे परगावच्या प्रतीविषयी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ पाण्यात गेले, हे आपण ऐकले आहे. वेदगंगेचे पाणी यमगर्णीपाशी महामार्गावर येते आणि निपाणीची वाट अडते, हेही आपण पाहिले आहे. पाणी, आग, वीज आणि चोरी ही संकटे इमारत पाहून येतात. तेव्हा दुसरी प्रत त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ठेवून निर्धास्त होता येत नाही. माझी सूचना अशी आहे, की आपल्या भागातल्या वाचनालयांनी जोड्या कराव्यात. निपाणीच्या वाचनालयाची प्रत बेळगावात राहावी, बेळगावची निपाणीत. दोन्ही गावांत पंचाहत्तर किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे संकट येण्याचा संभव थोडा. महिन्यातून एकदा कोणी ना कोणी जाणारा-येणारा असतोच. त्याच्या हाती एक डिस्क जावी आणि आधीची परत यावी. मात्र प्रतीत सभासदांची नावे, पत्ते आणि त्यांनी वाचलेल्या ग्रंथांची नोंद असते. कोण काय वाचतो, ही वाचकाची खासगी बाब आहे. म्हणून परगावी जाणारी प्रत सांकेतिक कुलूप लावूनच जावी आणि किल्ली वेगळ्या वाटेने जावी.

इंटरनेटवरच्या साठवणुकीचा उपयोग जरूर करावा; पण दोन ठिकाणचा मजकूर सतत सारखा ठेवणारी सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. आरशाला स्वतःची आठवण नसते.

आणि शेवटी कागद. अनेक वाचनालयांत सूची संगणकात गेल्याबरोबर जुन्या दाखल-वह्या आणि सूचीपत्रांचे खण अडगळीत टाकले गेले. कोठे कोठे ते रद्दीतही गेले असतील. माझी हात जोडून विनंती आहे, की त्या वह्या टाकू नयेत. शाईने लिहिलेली वही वाचायला ना विंडोज लागते, ना टंक, ना वीज. शिवाय वर्षाअखेरीस त्या वर्षी दाखल झालेल्या ग्रंथांच्या नोंदी छापून, बांधून कपाटात ठेवाव्यात. वर्षाला हजार ग्रंथ आले, तरी एका पानावर पंचवीस नोंदी धरून चाळीसच पाने होतात. तेवढा खर्च कोणत्याही संस्थेला झेपेल.

कार्यकारी मंडळाने एवढे करावे. जसा वर्षाचा जमाखर्च तपासनिसाकडून तपासून वार्षिक सभेपुढे ठेवला जातो, तसाच तालमीचा अहवालही ठेवावा. 'राखीव प्रत आहे काय?' असे सभासदांनी विचारू नये. त्याला 'आहे' हे उत्तर सहज मिळते. 'शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली आणि किती नोंदी जुळल्या?' असे विचारावे. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाचा तो अधिकार आहे. ज्यांच्या आजोबांनी आपला ग्रंथसंग्रह या कपाटांच्या स्वाधीन केला, त्यांचा तर विशेषच. देणगीदाराचे नाव ज्या ओळीत लिहिले आहे, ती ओळ जपणे हे संस्थेने दिलेले वचन आहे.